फॉल-पिको, ब्लाऊज आणि हक्कांचं वाचन

माझ्या दुकानात दोन गोष्टी साचतात. कापडाच्या चिंध्या आणि किस्से. चिंध्या पोत्यात भरून कुणाला तरी देता येतात. किस्स्यांना पोतं पुरत नाही, म्हणून ते असे सांगत सुटावं लागतं!

माझं नाव वंदना. राजारामपुरीतल्या एका गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, 'ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको'. पाटीवर जे लिहिलेलं नाही ते हे, की रविवारी सकाळी इथं आम्ही चार माणसं जमतो आणि पुस्तकं वाचतो. अपंग माणसांनी लिहिलेली, अपंग माणसांबद्दलची, कधी आत्मचरित्र, कधी सरळ कायदाच. लोक विचारतात, "एवढा वेळ काय वाचता वो?" खरं सांगू? वाचतो थोडंच. बाकीचा वेळ भांडतो आणि हसतो.

माझ्याबद्दल एवढंच सांगते. लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. शिवणकाम शिकले तेव्हा पायानं मशीन मारता येईना, म्हणून मी मशीनला मोटर बसवून घेतली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बिचारी!" आता त्या सगळ्यांच्या मशीनला मोटर आहे. त्यांना मात्र कुणी बिचारी म्हणत नाही!

*

सुरुवात मगदूम सरांनी केली. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. एकदा नवी पॅन्ट खालून कमी करून घ्यायला ते माझ्या दुकानात आले. माझ्या दुकानाला पायरी नाही, रस्त्यावरून सरळ आत. सर काठी टेकत आत आले आणि म्हणाले, "वा! कोल्हापुरात पायरी नसलेलं दुकान पण आहे की!"

म्हटलं, "मलाच चढायची होती ना रोज. म्हणून घातलीच नाही."

मी खाली बसून पॅन्टला टाचण्या लावत होते आणि सर सांगत होते. त्यांनी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन विचारलं होतं, "अंध माणसानं स्वतः लिहिलेलं काही आहे का?" लायब्ररीतले गृहस्थ खूश झाले. त्यांना एका कपाटापाशी घेऊन गेले. "ही बघा सर, सगळी प्रेरणादायी! हा डोंगर चढलेला. हा समुद्र पोहलेला. ही पायानं चित्रं काढती."

सर म्हणाले, "डोंगर न चढलेला कुणी नाही का? साधा नोकरी करणारा, वैतागलेला, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कुरकुरणारा?"

त्या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी सगळं कपाट खालीवर केलं आणि म्हणाले, "वैतागलेला न्हाय वो सर. सगळे जिद्दीचेच हायत!"

मला इतकं हसू आलं की हातातली टाचणी सरांच्या पोटरीत गेली. सर उडाले. म्हणाले, "आता वैतागलो. लिहू काय पुस्तक?"

पॅन्ट न्यायला आले तेव्हा माझ्यासाठी एक पुस्तक घेऊन आले. पोलिओ झालेल्या एका बाईंचं आत्मचरित्र. म्हणाले, "मी फोनवर ऐकलंय. तुम्ही छापील वाचा. मग भांडू."

शाळा सुटल्यापासून मी पुस्तक हातात धरलं नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून उघडलं. त्या बाईंनी लिहिलं होतं, की रांगेत उभं राहिलं की लोक न विचारता पुढं ढकलतात, आणि पुढं गेलं की तेच लोक असं बघतात, जणू आपण घुसलोय. मी वाचतच राहिले. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, हे फक्त माझ्याच मनात येतं, म्हणजे माझंच मन वाकडं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "वंदनाताई, झाला काय ब्लाऊज?"

"थांबा जरा."

"अवो, हुकच तर लावायचेत!"

"हुक नंतर. ही बाई माझ्यावर लिहितीय, आणि मला विचारलं पण नाही!"

*

मग सर रविवारी यायला लागले. त्यांना घेऊन यायचे अशोकमामा. मामा रिक्षा चालवतात आणि सरांचं जाणं-येणं बरीच वर्षं त्यांच्याकडंच आहे. आम्ही आत वाचायचो, मामा बाहेर रिक्षात पेपर तोंडावर घेऊन पडायचे. आम्हाला वाटायचं, झोपलेत.

एका रविवारी मी मोठ्यानं वाचत होते. एका अंध माणसानं लिहिलेलं होतं. तो रस्त्याच्या कडेला मित्राची वाट बघत उभा असतो. एक भला माणूस येतो, दंड धरतो आणि काही न बोलता त्याला फरफटत पलीकडं नेऊन सोडतो. वर म्हणतो, "देव भलं करो!" आता हा पलीकडं, आणि मित्र अलीकडं!

बाहेरून एकदम आवाज आला, "मग धरायचं न्हाय व्हय?"

मामा उठून दारात आले होते. चेहरा उतरलेला. कारण मामा सरांना रिक्षात कसं बसवायचे, ते मी दर रविवारी बघत होते. काखेत हात घालून, उचलून, गॅसच्या टाकीसारखं आत!

सर शांतपणे म्हणाले, "धरायचं की. पण आधी विचारायचं. आणि तुम्ही मला नाही धरायचं, मी तुमचं कोपर धरणार."

"मग सर, इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"बोललो होतो मामा. तुम्ही म्हणाला, 'लाजू नका सर, घरचंच समजा!'"

त्या दिवसापासून मामा आत बसायला लागले. आणि विचारायचं म्हणजे इतकं विचारायला लागले, की रिक्षात चढणाऱ्या प्रत्येकाला, "हात देऊ काय? कोपर धरता काय?" एकदा त्यांच्या घरी सासूबाई आल्या होत्या. त्या जिना चढताना मामांनी अदबीनं कोपर पुढं केलं. "धरता काय?"

सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "जावईबापू, नाचायचं हाय काय?"

*

चौथी सुरेखा. ती हुपरीची. घरातच पैंजणं करते, आणि अशी नाजूक करते की बघत राहावं. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मूकबधिर शाळेत शिकली, मराठी आमच्यापेक्षा चांगलं लिहिते. बोलायचं ते हातांनी, किंवा फोनवर टाईप करून आपल्यापुढं धरते.

ती ब्लाऊज शिवायला टाकायला एसटीनं आली, तो नेमका रविवार. आमचं वाचन रंगात आलेलं. सर टेबलावर हात आपटत होते, मामा उभे राहिलेले, मी कात्री नाचवत होते. सुरेखा दारातच थांबली. मग फोन माझ्यापुढं धरला. "भांडण आहे का? मी नंतर येते."

मी लिहिलं, "भांडण नाही. पुस्तक वाचतोय."

तिनं पुन्हा तिघांकडं बघितलं आणि टाईप केलं, "मग मी थांबते. असं पुस्तक कोणतं ते बघायचंय!"

*

सुरेखा आली आणि आमची पंचाईत झाली. सरांना सगळं कानांनी लागतं, सुरेखाला सगळं डोळ्यांनी. पुस्तकाचं सोपं होतं. मी मोठ्यानं वाचायचं, सुरेखानं दुसऱ्या प्रतीत ओळीवर बोट ठेवायचं. पण नंतरच्या भांडणाचं काय? तिला तर भांडणातच जास्त रस!

सरांनी फोनवर एक सोय शोधली. आपण बोलायचं, फोन ऐकतो आणि अक्षरं उमटवतो. फोन टेबलावर मधोमध ठेवला. सर प्राध्यापकी मराठीत बोलले तर ठीक, पण मामांचं कोल्हापुरी त्या फोनला झेपेना. मामा म्हणाले, "न्हाय की वो सर." फोननं लिहिलं, 'नाही किवी सर.' सुरेखानं विचारलं, "किवी कुणाला पाहिजे?"

त्या दिवशी विषय जोरात होता. हक्कांची जाणीव लोकांना का नाही? सर म्हणाले, हक्कांची जाणीव घरातून झाली पाहिजे. मी म्हटलं, हक्कांची जाणीव आधी आपल्याला पाहिजे. मामा म्हणाले, हक्कांची जाणीव सरकारला पाहिजे. आम्ही अगदी तावातावानं बोलत होतो आणि सुरेखा फोनकडं बघून चमत्कारिक चेहरा करत होती. शेवटी तिनं स्वतःचा फोन आमच्यापुढं सरकवला.

"मघापासून तुम्ही तिघं हक्कांच्या जेवणावर बोलताय. जेवण घरातून पाहिजे, जेवण सरकारला पाहिजे. आणि मला इथं साधा चहा नाही!"

त्या दिवशी वाचन तिथंच थांबलं. चहा आला, बरोबर भजी पण आली. आणि आम्ही पुढच्या रविवारपासून सुरेखाकडून हातांची भाषा शिकायला बसलो. पहिला शब्द शिकलो, 'हक्क'. दुसरा, अर्थातच, 'जेवण'.

*

एकदा शब्दांवरनं जुंपली. एका लेखात होतं, की आपल्याला काय म्हणावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मामा हात जोडून म्हणाले, "ठरवा एकदाचं! अपंग म्हणू, का दिव्यांग म्हणू? माझं तोंड उघडंना झालंय."

सर म्हणाले, "मला कुणी दिव्यांग म्हटलं की वाटतं, अंगात बल्ब बसवलाय. मला अंध चालतं. सर तर त्याहून चालतं."

सुरेखानं टाईप केलं, "मी बहिरी. छोटा शब्द आहे, टाईप करायला बरा."

मी म्हटलं, "मला वंदनाताई म्हणा, आणि ब्लाऊज लवकर मागू नका."

"आणि मी कोण मग?" मामांनी विचारलं.

सर म्हणाले, "त्याला पण शब्द आहे मामा. मी वाचलंय. तुम्ही तात्पुरते धडधाकट."

मामांना लागलं ते. "तात्पुरता? मी? अवो, गवताचा भारा एका हातानं उचललेला माणूस हाय मी!"

"म्हणून तर तात्पुरते म्हटलं."

मामा त्या दिवशी चहा न घेता गेले. पुढं पावसाळ्यात रिक्षा खड्ड्यातून ढकलताना त्यांची कंबर धरली. रविवारी कमरेला पट्टा बांधून, भिंत धरत धरत दारात आले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले,

"वंदनाताई, मुदत संपली माझी!"

*

कायदा वाचायला घेतला तेव्हा मला झोप यायची. एक वाक्य सुरू झालं की संपायच्या आत दोन बाह्या लावून व्हायच्या. त्यात एक शब्द सारखा यायचा, 'वाजवी तजवीज'. मामा म्हणाले, "ह्ये काय असतंय? तजवीज म्हंजे वशिला काय?"

सर समजावायला लागले, की प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणं सोय करून देणं, वगैरे. मामांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी मामांचा हात धरून वर केला. त्यांच्या शर्टाची बाही तळहातापर्यंत आली होती, दोनदा दुमडलेली.

"रेडीमेड घेतलाय ना?"

"व्हय."

"लांब होतो म्हणून दुमडलाय. आता मी ही बाही कमी करून दिली, तर ती काय तुमच्यावर दया झाली?"

"दया कसली? माझा हात हाय तेवढी बाही नगं?"

"झालं. हीच वाजवी तजवीज."

मामांनी शर्ट तिथंच काढून टेबलावर टाकला. "करा मग तजवीज!"

*

या तजविजीचा उपयोग महिन्याभरातच झाला. सरांचा पगार ज्या बँकेत होतो, तिथून मेसेज आला. फोनवर चेहरा दाखवून ओळख पटवा, नाहीतर खातं बंद. सरांनी प्रयत्न केले. फोन म्हणायचा, 'चेहरा चौकटीत आणा.' सर विचारायचे, "चौकट कुठं आहे?" फोन पुढं बोलायचा नाही.

मग मामांनी फोन धरला. चेहरा चौकटीत आला. फोन म्हणाला, 'डोळे मिचकवा.'

सरांचे डोळे लहानपणीच काढावे लागलेत, कृत्रिम आहेत. पापण्या धड मिटत नाहीत. सर कपाळाला आठ्या घालून जोर लावत होते. मामांनाच बघवेना. ते फोनच्या वरून वाकून सरांना दाखवायला लागले, "असं सर, असं!" सर कुठलं बघणार! मामा मात्र जीव तोडून डोळे मिचकवत होते, आणि मिचकवता मिचकवता त्यांनी फोन कधी स्वतःकडं फिरवला कुणास ठाऊक. फोन आनंदानं म्हणाला, 'धन्यवाद!' आणि पाठोपाठ, 'चेहरा जुळत नाही. खातं तात्पुरतं बंद करण्यात आलं आहे.'

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बँकेत. काउंटरवरची मुलगी भली होती, पण म्हणाली, "सर, नियम सगळ्यांना सारखाच हाय. तुमच्यासाठी वेगळं कसं करणार?"

सर ओरडले नाहीत. त्यांनी फोन काढला, आदल्या रविवारी वाचलेलं कलम लावलं आणि फोन काउंटरवर ठेवून दिला. फोनमधली बाई खणखणीत आवाजात कायदा वाचायला लागली. सगळी बँक ऐकत होती. मुलगी उठून आत गेली. साहेब बाहेर आले. सरांना खुर्ची दिली, ओळखपत्र बघितलं, सही घेतली. चहा येईपर्यंत खातं सुरू!

सरांनी विचारलं, "एवढं सोपं होतं, तर आधी का नाही केलं?"

साहेब म्हणाले, "सर, खरं सांगू? आधी कुणी वाचून आलंच न्हाय!"

बाहेर पडताना सर खुशीत होते, मी खुशीत होते. मामाच तोंड पाडून चालले होते. विचारलं, काय झालं मामा? म्हणाले, "सगळं झालं वो. पण माझ्या चेहऱ्यात काय वाईट हुतं, ते कुणी इचारलं न्हाय!"

*

सुरेखाचा किस्सा तिनंच टाईप करून सांगितला, आणि तो सांगताना तिचा अंगठा इतका जोरात चालत होता की मला वाटलं, काच फुटती आता.

तिच्याकडून पैंजणं घेणारा व्यापारी घरी यायचा. पैंजणं सुरेखानं केलेली, नक्षी तिची. पण तो बोलायचा तिच्या भावाशी. भाऊ मोबाईल दुरुस्त करतो, त्याला घुंगरू कुठं लावतात हेही धड माहीत नाही. तरी व्यापारी त्यालाच विचारणार, "हिला म्हणावं, ही कडी बारीक कर." आणि सुरेखा समोर बसलेली!

आमच्याकडं एका बहिऱ्या बाईंचं लिखाण वाचून झालं होतं. त्यात होतं, की माझ्याबद्दलचं बोलणं कायम माझ्या शेजारच्या खुर्चीशी होतं. सुरेखानं ती ओळ फोनमध्ये उतरवून घेतली होती.

पुढच्या खेपेला व्यापारी आला आणि भावाकडं तोंड करून बोलायला लागला. सुरेखानं शांतपणे पैंजणं डबीत भरली, डबीचं झाकण लावलं, आणि फोन व्यापाऱ्यापुढं धरला. "ज्याच्याशी बोलताय, त्याच्याकडूनच पैंजणं करून घ्या."

वहिनी घाबरली. व्यापारी गेला की घरातलं काम गेलं. भावानं हात वर केले, "माझ्याकडं बघू नका शेठ. मला फकस्त डिस्प्ले बदलता येतो."

शेठ उठले, चपला घातल्या, दारापर्यंत गेले. आणि परत आले. तिच्यासमोर बसले. फोन मागितला आणि एका बोटानं शोधत शोधत लिहिलं, "नंबर द्या तुमचा."

आता तो सगळं सुरेखालाच कळवतो. नक्षी, माप, कधी पाहिजे ते. मी विचारलं, "मग आता काही त्रास नाही ना?"

तिनं त्याचे मेसेज दाखवले. इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी कॅपिटल. खाली सुरेखानं मला लिहिलं,

"भला माणूस आहे. मोठ्या अक्षरात लिहिलं की मला ऐकू येतं, असं वाटतं त्याला!"

*

एका संस्थेनं आमचा सत्कार ठेवला. वाचन करणारे दिव्यांग म्हणून. मोठा हॉल, शाल, नारळ, फुलं. आम्ही गेलो तर स्टेजला उंच पायऱ्या. दोन धट्टीकट्टी पोरं मला खुर्चीत बसवून उचलायला आली.

म्हटलं, "उचलायचं नाही."

"ताई, पडू देणार न्हाय!"

"मी पडत नाहीये दादा. मी चढत नाहीये."

बरीच कुजबुज झाली. शेवटी पाहुणे, अध्यक्ष, शाली, नारळ, सगळं स्टेजवरून खाली उतरलं. इथपर्यंत छान झालं. पण भाषणं लांबली आणि मला बाथरूमला जायची वेळ आली. हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीचं चित्र लावलेलं, रुंद दाराचं बाथरूम होतं. दाराला कुलूप!

किल्लीवाला म्हणाला, "आत बॅनर हायत वो ताई. आन् जादा खुर्च्या."

"कसले बॅनर?"

"दिव्यांग दिनाचे."

मी आयोजकांकडं गेले. ते माईक हातात घेऊन उभेच होते. म्हणाले, "ताई, दोनच मिनिटं. आता तुमचाच नंबर. आधी सत्कार घ्या."

माझी सहनशक्ती संपली होती. म्हटलं, "दादा, सत्कार थांबंल. मला थांबता येत न्हाय!"

माईक चालू होता. ते वाक्य हॉलभर घुमलं. आणि मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगेत बऱ्याच कुबड्या, बऱ्याच चाकाच्या खुर्च्या होत्या. त्या टाळ्या काही केल्या थांबेनात. पोरांनी पळत जाऊन कुलूप काढलं, बॅनर आणि खुर्च्या बाहेर फेकल्या. माझ्यामागं रांग लागली!

आता त्या हॉलला ते दार कायम उघडं असतं. मी मुद्दाम जाऊन बघून आलेय.

मी परत आले तेव्हा सुरेखानं फोन पुढं केला. "एवढ्या टाळ्या! सत्कार झाला का तुझा?"

मी लिहिलं, "झाला."

*

गेल्या लग्नसराईत पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातून एक काकू आल्या. बरोबर दोन मुली. धाकटीचं लग्न ठरलेलं, तिचे ब्लाऊज शिवायचे होते. थोरली चाकाच्या खुर्चीत. पल्लवी तिचं नाव. दवाखान्यातून येता येता तिला बरोबर आणलं होतं. काकूंनी तिची खुर्ची दाराजवळ, भिंतीकडं तोंड करून लावली, जशी छत्री कोपऱ्यात ठेवावी.

रविवार होता. सरांच्या फोनमधली बाई कायदा वाचत होती. मी धाकटीचं माप घेत होते. काकू सांगत होत्या, "हळदीला पिवळा, लग्नाला हिरवा, रिसेप्शनला ह्यो."

मी विचारलं, "आणि हिचा?"

"तिला कशाला? ती कुठं येतीया हॉलमदी! शेजारी ठेवणार हाय त्या दिवशी. पावणं इचारत बसत्यात उगंच, हिला काय झालं, हिचं पुढं काय. तिलाच तरास."

पल्लवीनं हातानं चाक फिरवलं आणि खुर्ची आमच्याकडं वळवली. सरांना म्हणाली, "ते परत लावा की."

"कोणतं?"

"आत्ता वाचलं ते. कुठं राहायचं, कुणासंगट राहायचं, ते."

सरांनी मागं जाऊन पुन्हा लावलं. अपंग माणसाला सगळ्यांसारखं समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, असं काहीतरी. पल्लवी पुढं वाकून ऐकत होती. काकू लेस निवडत होत्या.

"आणि एकदा," पल्लवी म्हणाली.

सरांनी आणि एकदा लावलं.

मी टेप घेऊन तिच्यापाशी गेले. काकू म्हणाल्या, "अवो, तिला नगं म्हटलं की!"

मला वाद घालायचा नव्हता. म्हटलं, "राहू दे काकू. कापड उरतंय, त्यात बसतोय हिचा पण."

पल्लवीनं माझा टेप हातानं बाजूला केला. माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "उरलेल्यातला नको. मला निळा पाहिजे."

मामांनी सुरेखाला खुणांनी सांगितलं, काय झालं ते. सुरेखा उठली, कपाटातलं निळं कापड काढलं आणि पल्लवीच्या मांडीवर ठेवलं. काकू काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आई, घे की. आक्काला चांगला दिसंल."

निळा शिवला. बाह्या जरा मोकळ्या ठेवल्या, चाक फिरवताना ओढायला नकोत म्हणून.

लग्नानंतर काकू एकट्याच आल्या. लाडू-चिवडा घेऊन. मी विचारायच्या आधीच बोलायला लागल्या. पल्लवी लग्नाला आली. नुसती आली नाही, नवरीशेजारी बसली. पावणे विचारत होते, ते आईला नाही, तिलाच विचारत होते, आणि ती एकेकाला उत्तरं देत होती. कुणीतरी म्हणालं, हिचं पुढं काय? तर म्हणाली, "जेवण. तुमची पंगत झाली काय?"

हे सांगताना काकू एकदा हसल्या, एकदा पदरानं डोळे पुसले. मग पिशवीतून आणखी ब्लाऊजपीस काढले आणि टेबलावर ठेवले. लाल, केशरी, पोपटी.

"हे धाकटीचे का?"

"न्हाय. पल्लवीचे. तिनंच निवडल्यात. लौकर द्या म्हणालीया."

"कुणाचं लग्न आहे आता?"

"कुणाचं बी न्हाय. भाईर जायचं हाय म्हणती."

"कुठं?"

काकूंनी कपाळावर हात मारला.

"त्येच तर सांगत न्हाय!"